रुही बुक वन, पुण्यातलं स्टडी सर्कल: गे माणसाने जावं का?

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. एक स्टार पुस्तकाने घालवला आणि अर्धा आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी. काकांचा अर्धा पुढेमागे परत द्यायची माझी तयारी आहे, का ते खाली येईलच.

ज्यांना बहाई म्हटलं की फक्त दिल्लीचं लोटस टेम्पल आठवतं (नाहीतर पाचगणीची न्यू एरा शाळा, ती पण बहाईंचीच) त्यांच्यासाठी थोडक्यात. धर्म इराणातला, एकोणिसाव्या शतकातला, संस्थापक बहाउल्लाह, पुजारी-मुल्ला-पाद्री ही भानगडच नाही, देव एक आणि माणूसजात एक असं साधारण म्हणणं. पुण्या-मुंबईत इराणी बहाई कुटुंबं कितीतरी पिढ्या आहेत आणि आपले मराठी बहाई पण आहेत. रुही म्हणजे त्यांच्या कोर्सची पुस्तकं, मूळ कोलंबियातल्या रुही इन्स्टिट्यूटची, आता जगभर तीच चालतात. पहिल्या पुस्तकाचे तीन भाग, एक बहाई वचनं समजून घ्यायचा, एक प्रार्थनेचा, एक जीवन आणि मृत्यूचा. कुणाच्या तरी घरी मोजकी माणसं बसतात, एक ट्यूटर असतो पण तो लेक्चर देत नाही, वाचायचं, प्रश्न सोडवायचे, वचनं पाठ करायची आणि बोलायचं. तुम्ही बहाई नसलात तरी चालतं. फी नाही, पुस्तकाचे काय ते किरकोळ पैसे. देणगीपेटी पण नाही, कारण बहाई नसलेल्याकडून त्यांच्या फंडाला पैसे घ्यायचेच नाहीत असा नियम आहे. कुठल्याही सत्संगाला गेलं की तासाभरात पावतीपुस्तक बाहेर येतं याची सवय असलेल्या माणसाला हे जरा चमत्कारिकच वाटतं, पण छान वाटतं.

आता मी का गेलो. माझा पार्टनर जन्मापासून बहाई, इराणी आजोबा, पुण्यात वाढलेला, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी वारकरी घरातला, धर्म बदलायचा विचार नाही. तो मनाने अजून पक्का श्रद्धाळू आहे, रोजची प्रार्थना करतो, मार्चमधले एकोणीस उपवास धरतो, पण लोकांमध्ये जायचं त्याने जवळजवळ सोडलं होतं, कारण कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी काहीतरी बोलणारच आणि मग हा आठवडाभर गप्प. स्टडी सर्कल सगळ्यांना खुलं असतं, तू पण चल, दोघं मिळून बघू, असं तो म्हणाला म्हणून गेलो. त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच अँगलने आहे. पुस्तक कसं आहे हे सांगणारे खूप मिळतील, पण त्या हॉलमध्ये गे माणूस बसला की काय होतं हे सांगणारं मला शोधून कोणी सापडलं नाही.

जागा कॅम्पातला जुना फ्लॅट, उंच छत, पंखा कुरकुरणारा, चहा फर्स्टक्लास, सोबत कधी नानकटाई कधी कांदेपोहे. ट्यूटर एक ताई, मराठी, नोकरी करून संध्याकाळी हे करणाऱ्या. बाकी एक कॉलेजची मुलगी, एक नवराबायको, आणि ते काका, रिटायर्ड, स्वभावाने खरंच गोड, सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारे.

पुस्तकाची सुरुवात एकदम साधी आहे. चांगल्या, निर्मळ कृतीतून जगाचं भलं होतं अशा अर्थाचं वचन, खाली प्रश्न, जगाचं भलं कशातून होतं? पहिल्या दिवशी मला वाटलं हे काय, चौथीची स्वाध्यायपुस्तिका आहे का. पण ही साधी वचनं पाठ होऊन बसतात आणि नंतर भलत्या वेळी आठवतात, तिथे त्यांची खरी मजा आहे. बोलणं आणि वागणं वेगळं असणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका असं एक आहे. गोड जीभ माणसांची मनं खेचून घेते असं एक आहे. आणि चहाडीबद्दल जे आहे ते फारच कडक, की पाठीमागे बोलण्याने मनातला उजेड विझतो आणि आत्म्याचा जीव जातो. यावर आमच्याकडे बरंच बोलणं झालं, खरं बोललं तरी चहाडी का, नाव न घेता बोललं तर चालतं का, वगैरे. आपल्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं काय होईल असं नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळे हसले.

आणि त्याच संध्याकाळी, चहाच्या वेळी, कॉलेजच्या मुलीने तिच्या कॉलेजातल्या कुठल्यातरी गे मुलाचा विषय काढला आणि काका म्हणाले की ही आजकालची बाहेरून आलेली फॅशन आहे, खरं म्हणजे आजार आहे, नीट डॉक्टर आणि प्रार्थना मिळाली की बरा होतो, आणि नशीब आपल्या बहाईंमध्ये असले कोणी नाहीत. एका वाक्यात चार गोष्टी आणि चारही चूक. पार्टनर माझ्या शेजारीच बसला होता, हातात कप.

इथे ताईंना फुल मार्क. त्या चिडल्या नाहीत आणि जाऊ द्या हो, विषय बदला असंही केलं नाही. त्यांनी फक्त पुस्तक उघडून मघाचंच वचन काकांना परत मोठ्याने वाचायला सांगितलं. काकांनी वाचलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी या विषयावर आपल्या संस्थेचं म्हणणं नेमकं काय आहे ते प्रिंट काढून आणते, तोवर कोणी कोणावर शेरे मारायचे नाहीत. आणि खरंच घेऊन आल्या.

आता धर्माची बाजू खरी काय आहे ते सांगतो, कारण दोन्ही टोकांचे लोक यात गोलमाल करतात. बहाई धर्मात शरीरसंबंध फक्त स्त्री-पुरुष लग्नात, समलिंगी संबंधांना मनाई, हे आहे, ते नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. बहाउल्लाहांचा नियमग्रंथ किताब-ए-अकदस, त्यातल्या एका ओळीचा शोगी एफेंदींनी तसा अर्थ लावला, १९२१ ते १९५७ ते धर्माचे पालक होते आणि त्यांनी लावलेला अर्थ बंधनकारक मानतात, १९६३ पासून निवडून येणारं विश्व न्याय मंदिर, म्हणजे इस्राएलमधल्या हैफाची त्यांची सर्वोच्च संस्था, तो फिरवू शकत नाही. उघडपणे जोडीने राहणाऱ्याचे प्रशासकीय हक्क जाऊ शकतात, म्हणजे त्यांच्या निवडणुकीत मत नाही, दर एकोणीस दिवसांनी होणाऱ्या बहाईंच्या सभेला, म्हणजे फीस्टला, जाता येत नाही, फंडाला पैसे देता येत नाहीत. तो बहाईच राहतो, कोणी वाळीत टाकत नाही. पण नाव तुझं यादीत, तू मात्र दाराबाहेर, हे ऐकल्यावर वारकरी घरातल्या माणसाला पंढरपूरच्या पायरीपाशी राहिलेला चोखोबा आठवणारच, मला आठवला, मी बोललो पण. ताई म्हणाल्या, कळतंय मला. त्यापुढे काही बोलल्या नाहीत आणि ते बरं केलं, उगाच मलमपट्टी नको होती.

हे एवढं झालं की काकांसारखे लोक तिथेच थांबतात. पुढचं वाचतच नाहीत. पुढचं म्हणजे २७ ऑक्टोबर २०१० चं पत्र, विश्व न्याय मंदिराच्या वतीने एका श्रद्धाळूला लिहिलेलं, ताई तेच घेऊन आल्या होत्या. त्यात मनाई तशीच आहे पण सोबत स्वच्छ लिहिलंय की समलैंगिक कल असलेल्यांकडे पूर्वग्रहाने किंवा तुच्छतेने बघणं धर्माच्या आत्म्याच्या विरुद्ध आहे, आणि ज्यांचे मूलभूत हक्क डावलले जातात त्यांच्या बाजूने बहाई माणसाने उभं राहणं अगदी योग्य आहे. म्हणजे काकांनी चहासोबत जे केलं ते सुद्धा धर्माने मनाई केलेलंच. नियम एक गोष्ट आणि त्या नियमाची काठी करून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाणणं ही दुसरी, आणि दुसरीचा हक्क त्या धर्मात कोणालाच दिलेला नाही. हक्क काढायचे की नाही हे असेंब्लीचं काम, नऊ जणांची निवडलेली मंडळी असतात ती बघतात, काकांची त्या कामावर नेमणूक झालेली नाही. एवढंच काय, माणसापुढे पापाची कबुली द्यायलाच त्या धर्मात बंदी आहे, मग चौकशी करणारे तुम्ही कोण?

आणि हो, दारूला पण मनाई आहे, लग्नाबाहेरच्या स्त्री-पुरुष संबंधाला पण आहे, चहाडीला तर आहेच. पण नशीब आपल्यात चहाडी करणारे कोणी नाहीत असं कोणी चहा पिताना म्हणत नाही.

आजाराचं म्हणाल तर ते काकांनी हवेतून काढलेलं नव्हतं. शोगी एफेंदींच्या वतीने सेक्रेटरीने लिहिलेलं १९५० चं एक पत्र आहे त्यात डॉक्टरांचा सल्ला, जिद्द आणि प्रार्थना यांनी यावर मात करता येते असं आहे. १९५० मध्ये जगभरचे डॉक्टर पण तेच म्हणत होते. नंतर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ ला ते आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० ला काढलं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ ला सांगितलं की हा आजार नाही, आणि २०२२ पासून तर आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या हिशेबाने बरं करून देतो म्हणून कन्व्हर्जन थेरपी करणारा डॉक्टरच दोषी, ते व्यावसायिक गैरवर्तन धरतात. बहाईंचं एक आवडतं तत्त्व आहे, विज्ञान आणि धर्म हातात हात घालून चालले पाहिजेत, विज्ञानाला सोडलेला धर्म अंधश्रद्धा होतो असं बहाउल्लाहांचे पुत्र अब्दुल-बहा सांगायचे. हे तत्त्व पोस्टरवर असतं. मी काकांना एवढंच विचारलं की ते पोस्टरपुरतंच आहे का. ते म्हणाले डॉक्टरांचं मत बदलत असतं. मी म्हटलं, १९५० चं पण डॉक्टरांचंच होतं की.

बाहेरून आलेली फॅशन यावर मला फार बोलावं लागलं नाही, बाहेरून आला तो कायदा. कलम ३७७ इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं, सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाद केलं. लग्नाला मात्र २०२३ मध्ये नाहीच म्हटलं, त्यामुळे आम्ही दोघं सरकारदरबारी अजून रूममेटच आहोत, ते असो.

पण सगळ्यात मजा आली ती आपल्यात असले कोणी नाहीत याच्यावर. पार्टनर इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला काका, अॅलन लॉक कोण? काका खूश, कारण लॉक म्हणजे त्यांचा आवडता विषय, ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, १९०७ चा, हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, हार्लेम रेनेसाँ म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या कला-साहित्य चळवळीचा गुरू, १९१८ पासून बहाई, काळ्या-गोऱ्यांच्या एकतेसाठी केवढं काम केलं वगैरे वगैरे. तो गे होता, पार्टनर म्हणाला. काका थांबले. आणि मार्क टोबी? अमेरिकन चित्रकार, पांढऱ्या रेघांच्या जाळ्यांची चित्रं काढायचा, तो पण १९१८ लाच बहाई झाला, आयुष्यभर राहिला, १९५८ ला व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात बक्षीस मिळवलं, ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच बहाई झाला तो याच्याच ओळखीतून. टोबीचा जोडीदार पेर हॉलस्टेन, दोघं कितीतरी वर्षं एकत्र, १९६० ला दोघं बरोबरच स्वित्झर्लंडला बाझेलमध्ये राहायला गेले. ही काही गॉसिप नाही, चरित्रांमध्ये छापलेली माहिती आहे. म्हणजे ज्यांची नावं तुम्ही अभिमानाने घेता तीच माणसं, फक्त अर्धं आयुष्य गाळून.

कॉलेजच्या मुलीने तिथल्या तिथे फोनवर टोबीची चित्रं काढून सगळ्यांना दाखवली. नवराबायकोतल्या बायकोला फारच आवडली. काकांनी चष्मा लावून बघितली आणि काही बोलले नाहीत.

त्यांना काय लागलं असेल तर ते पार्टनरचं पुढचं बोलणं, असा माझा अंदाज. तो म्हणाला, काका, इराणात आपल्याबद्दल काय बोलतात? घाणेरडे आहेत, मुलं बिघडवतात, बाहेरच्या देशांचे हस्तक आहेत. इस्लामी क्रांतीनंतर दोनशेहून जास्त बहाईंना मारलं, १९८३ च्या जूनमध्ये शिराजला दहा बायकांना फाशी दिली, त्यात एक सतरा वर्षांची होती, मुलांना विद्यापीठात घेत नाहीत म्हणून १९८७ मध्ये घराघरांत स्वतःचं विद्यापीठ काढावं लागलं. हे सगळं आधी अशाच बोलण्यातून सुरू होतं ना, कुणाच्या तरी बैठकीत चहा पिताना. फाशी आणि टोमणा एकच आहे असं मी म्हणत नाही, तो म्हणाला, पण तुम्ही मला ओळखता, लहानपणी सायकल शिकवलीय मला. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलत होता तो मी आहे.

हॉलमध्ये सगळ्यांना ते आधीच माहीत होतं, फक्त कोणी म्हटलं नव्हतं.

काका बदलले का? झेंडा घेऊन प्राइडला येणार नाहीत, आणि नियम बरोबरच आहे हे त्यांचं मत कायम आहे, ते त्यांनी सांगितलं पण. मात्र त्यानंतर एक चकार टोमणा नाही, माझ्याशी बोलायला लागले, आमच्या घरी जेवायला येऊ का म्हणून स्वतः विचारलं, आणि एकदा एका पाहुण्याने तसलाच विनोद केला तेव्हा त्याला थांबवणारे काकाच होते, ताईंच्याही आधी. अर्धा स्टार परत द्यायचा तो यासाठी. पूर्ण देऊन टाकत नाही, कारण सॉरी काही अजून आलेलं नाही.

आता पुस्तकाचा कापलेला एक स्टार. पहिल्या पुस्तकात हा विषय येतच नाही. चहाडी, गोड बोलणं, बोलण्या-वागण्यातला फरक सगळं आहे पण ते कुणाबद्दल, हे वाचणाऱ्यावर सोडलंय, आणि माणूस काय करतो तर आपल्या सोयीचं तेवढं घेतो. काकांनी चहाडीचं वचन वाचून पाच मिनिटांत तेच केलं यावरून कळतं. आमची ट्यूटर चांगली निघाली म्हणून निभावलं. ट्यूटर घाबरट असती किंवा स्वतःच काकांच्या मताची असती तर पार्टनर त्या दिवशी उठून गेला असता, आणि पुस्तकात असं एकही पान नाही की जे उघडून मी तिला दाखवू शकलो असतो. दुसऱ्या शहरातल्या एका ग्रुपबद्दल ओळखीच्या मुलाने सांगितलं ते ऐकून तर वाटलं आम्ही नशीबवान, तिथे त्याला सगळ्यांसमोर तुझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. प्रार्थना पण शिवीसारखी देता येते, त्याच्याकडून शिकलो.

शिवाय पाठांतर मला झेपत नाही, वचनांची भाषा जड आहे, आणि मृत्यूवरचा तिसरा भाग संध्याकाळी दमून आल्यावर डोक्यावरून जातो. प्रार्थनेचा भाग मात्र शांत आणि सुंदर आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, तो ज्याचा त्याने घ्यावा.

तुम्ही गे असाल, बहाई असाल किंवा नुसतीच उत्सुकता असेल, आणि जायचा विचार असेल तर माझं ऐका, जायच्या आधी ट्यूटरला फोन करून सरळ विचारा की ग्रुपमध्ये कोणी टिंगल केली तर तुम्ही काय कराल. उत्तराच्या आधी किती वेळ थांबतात त्यावरून बरंच समजतं. २०१० चं ते पत्र स्वतःजवळ ठेवा, समोरचा माणूस श्रद्धाळू असेल तर त्याला तुमच्या हक्कांच्या भाषेपेक्षा त्याच्याच संस्थेची भाषा पटकन कळते. एकटे जाऊ नका, शेजारी आपलं माणूस असलं की फरक पडतो. आणि नियम बदलेल या आशेने जात असाल तर जाऊ नका, तो त्या हॉलमध्ये बसलेल्या कोणाच्याच हातात नाही, उगाच स्वतःला त्रास. श्रद्धा आहे आणि ती एकट्याने करून कंटाळा आलाय, तर मात्र जा.

पार्टनरसाठी वसूल झालं का म्हणाल तर हो. तो परत लोकांत जायला लागला, एवढं मला पुरे. फीस्टचं काय, हक्कांचं काय, ते टांगतंच आहे आणि त्यावर आमचं घरी भांडण पण होतं, की जिथे तुला पूर्ण घेत नाहीत तिथे तू का जातोस. तो म्हणतो, माझा धर्म आहे, मी का सोडू, त्यांनी सुधारावं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं पुस्तक सुरू होतंय, त्यात लोकांच्या घरी जाऊन बोलायचं असतं म्हणे. पार्टनर जाणार आहे, काका आणि तो एका जोडीत आहेत, ही आयडिया काकांचीच. मी अजून ठरवलेलं नाही. कॅम्पात पार्किंगची बोंब आहे, गाडी नेऊ नका, रिक्षाने जा.